मॅक्रो छायाचित्रणासाठी क्रॉप सेन्सर की फुल फ्रेम: निवड कशी करावी

मॅक्रो छायाचित्रणासाठी कॅमेरा घ्यायचा असेल, तर कॅमेऱ्यांची तुलना करणारी कोष्टके उघडण्यापूर्वी मिलिमीटरची पट्टी हातात घ्यावी आणि आपल्याला ज्यांची छायाचित्रे काढायची आहेत ते विषय प्रत्यक्षात केवढे असतात, हे लिहून काढावे. पंख पसरलेले मध्यम आकाराचे फुलपाखरू पाच-सहा सेंटिमीटर भरते, उड्या मारणारा कोळी बहुधा एका सेंटिमीटरच्या आतच असतो, मुंगी चार-पाच मिलिमीटरची असते आणि पानामागे चिकटलेले फुलपाखराचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे. या चारही विषयांसाठी एकच कॅमेरा सारखाच सोयीचा ठरत नाही. ‘मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारी चिप) म्हणजे चांगला सेन्सर’ हा नियम इतर प्रकारच्या छायाचित्रणात बऱ्याच अंशी खरा असला, तरी मॅक्रोमध्ये तो जसाच्या तसा लागू होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. क्रॉप सेन्सर या नावाखाली सर्वसाधारणपणे एपीएस-सी आकाराचा सेन्सर अभिप्रेत असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या कॅमेऱ्यांत तो सुमारे २३.५ × १५.६ मिमी, तर कॅननच्या कॅमेऱ्यांत सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. म्हणून पहिल्या गटाचा क्रॉप फॅक्टर, म्हणजे फुल फ्रेम त्या सेन्सरच्या साधारण किती पट रुंद आहे तो आकडा, १.५ आणि कॅननचा १.६ धरला जातो. त्याहून लहान असा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ × १३ मिमीचा असून त्याचा फॅक्टर २ आहे. पुढील सर्व हिशेब १.५ हा फॅक्टर धरून केले आहेत.

विशालन सेन्सरवर अवलंबून नसते

क्रॉप सेन्सरमुळे विशालन दीडपट होते, असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. विशालन म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रतिमेचा आकार भागिले वस्तूचा खरा आकार. मॅक्रो लेन्सवर १:१ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की, सर्वांत जवळून फोकस केल्यावर १० मिमीच्या कोळ्याची प्रतिमा सेन्सरवरही १० मिमीचीच पडते. मागे ३६ मिमीचा सेन्सर आहे की २३.५ मिमीचा, हे लेन्सला ठाऊक नसते. बदलते ती चौकट. १:१ ला फुल फ्रेममध्ये ३६ मिमी रुंदीचा भाग दिसतो, एपीएस-सीमध्ये २३.५ मिमीचा आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये १७.३ मिमीचा. त्यामुळे तोच कोळी लहान चौकटीत अधिक जागा व्यापतो आणि पडद्यावर मोठा दिसतो.

यातून एक सोपा हिशेब निघतो आणि तो प्रत्येकाने आपल्या विषयांसाठी करून पाहावा. आपल्याला किती रुंद भाग चौकटीत हवा आहे ते ठरवावे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागावे. फुलपाखरू त्याच्या भोवतीच्या थोड्या जागेसह ७२ मिमी रुंदीच्या चौकटीत बसवायचे असेल, तर फुल फ्रेमला अर्धपट आणि एपीएस-सीला सुमारे एकतृतीयांश विशालन लागते; कोणतीही मॅक्रो लेन्स हे सहज देते. २४ मिमी रुंदीच्या चौकटीसाठी एपीएस-सीला जवळपास १:१ पुरते, पण फुल फ्रेमला १.५ पट लागते, आणि इथेच नेहमीच्या १:१ लेन्सची मर्यादा संपते. पुढे जाण्यासाठी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी), क्लोज-अप भिंग किंवा १:१ पलीकडे जाणारी खास लेन्स घ्यावी लागते. म्हणजे ज्यांचे विषय बहुतेक दोन सेंटिमीटरच्या आत आहेत, त्यांना फुल फ्रेम कॅमेऱ्याबरोबर आणखी एखादे साधन विकत घेण्याची आणि प्रत्येक वेळी जोडण्या-काढण्याची तयारी ठेवावी लागते.

जाहिरातींतील आकडे वाचताना इथे सावध राहावे. काही उत्पादक ‘३५ मिमी समतुल्य’ विशालन देतात. उदाहरणार्थ, मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांसाठी बनवलेली ओएम सिस्टिम कंपनीची ९० मिमी मॅक्रो लेन्स प्रत्यक्षात २ पट विशालन देते. चौकटीच्या हिशेबाने ते फुल फ्रेमवरील ४ पटींच्या बरोबरीचे असल्यामुळे तो आकडाही सांगितला जातो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण वेगवेगळ्या लेन्सची तुलना करताना एकाचा खरा आकडा आणि दुसऱ्याचा समतुल्य आकडा शेजारी ठेवू नये. तसेच अनेक झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असे लिहिलेले असते आणि त्यांचे विशालन मात्र १:३ किंवा १:४ एवढेच असते.

पिक्सेल कुठे खर्च होतात

लेन्सने आपली जास्तीत जास्त मर्यादा गाठली आणि तरीही विषय चौकटीत लहानच राहिला, तर छायाचित्र नंतर कापावे लागते. अशा वेळी सेन्सरचा आकार बाजूला राहतो आणि एका मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसवले आहेत, हा आकडा महत्त्वाचा ठरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरमध्ये रुंदीत ६००० पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. तेवढेच पिक्सेल एपीएस-सीमध्ये बसवले की एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा होतो. ५ मिमीची मुंगी १:१ ला टिपली, तर पहिल्या कॅमेऱ्यात ती सुमारे ८३० पिक्सेलची आणि दुसऱ्यात सुमारे १२८० पिक्सेलची येते. हा फरक मोठा आहे.

मात्र ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर घेतला, तर त्याचा पिक्सेल सुमारे ३.८ मायक्रॉनचा असतो आणि त्याच मुंगीला १३०० हून थोडे अधिक पिक्सेल मिळतात. असा कॅमेरा क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरण्याच्या सोयीवर) टाकला की सुमारे २६ मेगापिक्सेलचे एपीएस-सी चित्र हाती येते. म्हणजे त्याच्या पोटात एक पूर्ण क्रॉप कॅमेरा दडलेलाच आहे. भरपूर मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी पोहोचेचा प्रश्न त्यामुळे जवळजवळ मिटतो. उरतो तो वजनाचा, फाइलींच्या आकाराचा आणि खर्चाचा.

तरीही पिक्सेलच्या दाटीवर फार विसंबू नये. मॅक्रोमध्ये लेन्स सेन्सरपासून दूर सरकल्यासारखी वागते आणि प्रत्यक्ष काम करणारे ॲपर्चर (लेन्समधील प्रकाश येण्याचे छिद्र; एफ-आकडा जितका मोठा, तितके ते लहान) लेन्सवर लिहिलेल्या आकड्यातून सूचित होते त्यापेक्षा लहान होते. ढोबळ नियम असा की, विशालनात एक मिळवावा आणि त्या बेरजेने एफ-आकड्याला गुणावे. १:१ ला एफ/८ ठेवले की प्रभावी ॲपर्चर एफ/१६ होते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/१६ ला विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, एका बिंदूची जी चकती तयार होते, तिचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन असतो. ती ३.९ मायक्रॉनच्या पाचाहून अधिक पिक्सेलवर पसरते. त्यामुळे दाट पिक्सेलचा फायदा मिळतो, पण कागदावरच्या प्रमाणात मिळत नाही, आणि एफ/१६ किंवा एफ/२२ वर काम करण्याची सवय असेल तर तो फारच थोडा उरतो.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवावी. निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मॅक्रो लेन्ससोबत जवळ फोकस केल्यावर प्रभावी ॲपर्चर दाखवतात, तर कॅननचे कॅमेरे लेन्सवरचा मूळ आकडाच दाखवत राहतात. दोघांच्या पडद्यावर एफ/१६ दिसत असले तरी १:१ ला त्यांचा अर्थ एक नसतो. दुसऱ्याने सांगितलेली सेटिंग्ज उचलण्यापूर्वी हे तपासावे.

डेप्थ ऑफ फील्ड आणि प्रकाश यांचा खरा हिशेब

क्रॉप सेन्सरमध्ये डेप्थ ऑफ फील्ड (चित्रात स्पष्ट येणाऱ्या थराची जाडी) अधिक मिळते, हे विधान बरोबर आहे. पण किती अधिक, हे सहसा सांगितले जात नाही. समजा ३६ मिमी रुंदीची एकच चौकट दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपायची आहे. फुल फ्रेमला त्यासाठी १:१ लागेल, क्रॉप सेन्सरला सुमारे ०.६७. दोन्हीकडे एफ/८ ठेवले आणि स्पष्टतेचा निकष (सेन्सरवरचा केवढा ठिपका स्पष्ट मानायचा तो आकार) फुल फ्रेमसाठी ०.०३ मिमी व क्रॉपसाठी ०.०२ मिमी धरला, तर फुल फ्रेममध्ये सुमारे ०.९६ मिमी आणि क्रॉप सेन्सरमध्ये सुमारे १.२ मिमी जाडीचा थर स्पष्ट येतो. म्हणजे फरक पाव पटीचा. दूरच्या विषयांसाठी हाच फरक अर्ध्या पटीचा असतो. ७२ मिमीच्या चौकटीत तो साधारण एकतृतीयांश राहतो आणि २४ मिमीच्या चौकटीत एकपंचमांशावर येतो. जसजसे आपण जवळ जातो, तसतसा क्रॉप सेन्सरचा हा फायदा आटत जातो.

आता फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ॲपर्चर एफ/१० करावे. डेप्थ ऑफ फील्ड दोन्हीकडे सारखी होते. सारख्या आकाराच्या छापील चित्रात विवर्तनाची मऊ धारही सारखीच दिसते. पण फुल फ्रेमचे प्रभावी ॲपर्चर आता एफ/२० आहे आणि क्रॉपचे सुमारे एफ/१३, त्यामुळे फुल फ्रेमच्या सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे) थोडा अधिक कमी झाला आहे. शटर तेच ठेवले तर क्रॉप कॅमेऱ्यावर आयएसओ (प्रकाशाबाबतच्या संवेदनशीलतेचा आकडा) ४०० असताना फुल फ्रेमवर ते ९०० च्या आसपास न्यावे लागेल, आणि मोठ्या सेन्सरमुळे नॉईजमध्ये (चित्रातील दाणेदारपणात) मिळणारा फायदा तिथेच खर्च होईल. हा निष्कर्ष मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सारखी चौकट, सारखी डेप्थ ऑफ फील्ड आणि सारखा शटर वेग असेल, तर एकाच पिढीच्या दोन सेन्सरांची चित्रे जवळपास सारखी येतात. ज्यांना कीटक डोक्यापासून पोटापर्यंत शक्य तितका स्पष्ट हवा आहे आणि जे सूर्यप्रकाशात हाताने छायाचित्रे काढतात, त्यांना फुल फ्रेममुळे प्रतिमेच्या दर्जात फारसे काही मिळत नाही.

फुल फ्रेमचा फायदा हातात येतो तो दोन परिस्थितींत. पहिली, कमी डेप्थ ऑफ फील्ड चालते किंवा हवीच असते तेव्हा. फुलाच्या एकाच पाकळीची कड स्पष्ट ठेवून बाकी सारे रंगात विरघळू द्यायचे असेल, तर एफ/२.८ किंवा एफ/४ वर फुल फ्रेम जी मृदू पार्श्वभूमी देतो ती क्रॉप सेन्सरला त्याच एफ-आकड्यावर देता येत नाही. दुसरी, प्रकाश हवा तेवढा वाढवता येतो तेव्हा. स्थिर विषय तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने लांब शटर देऊन टिपता येतो किंवा फ्लॅशची शक्ती वाढवता येते. मग आयएसओ १०० वरच राहते आणि मोठा सेन्सर खरोखरच अधिक प्रकाश साठवतो. गडद भागांतील तपशील उजळताना हा फरक दिसतो.

फ्लॅशबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण हातात कॅमेरा धरून केलेल्या मॅक्रोचा मोठा भाग फ्लॅशवरच चालतो. वरच्या उदाहरणात आयएसओ न वाढवता फुल फ्रेमला क्रॉपच्या सव्वादोन पट फ्लॅश प्रकाश लागेल. फ्लॅश विषयापासून काही सेंटिमीटरवर असल्यामुळे एवढी शक्ती साध्या फ्लॅशमध्येही असते. परंतु कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची शक्ती वाढवली की त्याच्या झोताचा कालावधीही वाढतो, आणि झोत जितका छोटा तितकी कीटकाची हालचाल व हाताची थरथर चांगली गोठते. शिवाय दोन झोतांमधील प्रतीक्षा वाढते आणि बॅटरी लवकर उतरते. चंचल कीटकाच्या मागे असताना ही प्रतीक्षा जाणवते. प्रकाशाचा मऊपणा मात्र सेन्सरवर अवलंबून नाही. तो डिफ्यूझरच्या (फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या पडद्याच्या) आकारावर आणि तो विषयाच्या किती जवळ आहे यावर ठरतो, आणि कीटकांच्या चकचकीत कवचावर चांगल्या डिफ्यूझरमुळे पडणारा फरक सेन्सर बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कामाच्या पद्धतीनुसार निवड

शेतात, बागेत, झुडपांत फिरून हाताने कीटक टिपणाऱ्यांना मी क्रॉप सेन्सरच सुचवेन. हीच चौकट कमी विशालनावर मिळत असल्यामुळे त्याच १०० मिमी लेन्सने काही सेंटिमीटर मागे राहता येते आणि कीटक बिचकण्याची शक्यता तेवढी कमी होते. १०० मिमीच्या आसपासच्या मॅक्रो लेन्समध्ये १:१ ला लेन्सच्या टोकापासून विषयापर्यंत साधारण १३ ते १५ सेंटिमीटरच अंतर उरते. ६० मिमीच्या लेन्समध्ये ते दहा सेंटिमीटरच्या आत येते आणि लेन्सची सावली विषयावर पडू लागते. म्हणून क्रॉप कॅमेऱ्यासाठी लहान व हलकी ६० मिमी लेन्स घेण्याचा मोह झाला, तरी जिवंत कीटकांसाठी ९० ते १०५ मिमीचीच लेन्स घ्यावी. कमी वजनाचा लाभही इथे खरा आहे, कारण कॅमेरा, लेन्स, फ्लॅश आणि डिफ्यूझर हे सारे एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने फांदी स्थिर धरण्याची वेळ वारंवार येते.

फुले, पानांची पोत, दवबिंदू, दागिने, नाणी आणि इतर स्थिर वस्तू हा ज्यांचा मुख्य विषय आहे, आणि ज्यांना व्यक्तिचित्रे किंवा निसर्गदृश्येही त्याच कॅमेऱ्याने काढायची आहेत, त्यांनी खुशाल फुल फ्रेम घ्यावा.

फोकस स्टॅकिंग करणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. फोकस थोडाथोडा पुढे सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस अशा सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे स्पष्ट भाग एकत्र करायचे, या पद्धतीत एका चित्राच्या डेप्थ ऑफ फील्डची चिंता उरत नाही. त्यामुळे ॲपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवून विवर्तन टाळता येते, आणि दाट पिक्सेलचा मोठा सेन्सर आपले सारे सामर्थ्य दाखवतो. फुल फ्रेमला त्याच विषयासाठी अधिक पायऱ्या घ्याव्या लागतात, पण टेबलावरच्या स्थिर नमुन्यासाठी ही अडचण मानण्याचे कारण नाही. जिवंत, हलणाऱ्या कीटकाचे हाताने स्टॅकिंग करायचे असेल तर मात्र कमी पायऱ्या म्हणजे यशाची अधिक शक्यता, आणि पारडे पुन्हा लहान सेन्सरकडे झुकते. कोणताही कॅमेरा निवडताना त्यात फोकस ब्रॅकेटिंगची (फोकस आपोआप सरकवत छायाचित्रे घेण्याची) सोय आहे का आणि ती फ्लॅशबरोबर चालते का, हे माहितीपत्रकात शोधावे. अनेक कॅमेऱ्यांत ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते आणि त्या वेळी फ्लॅश उडत नाही.

पडदा बाहेर वळणारा असावा, ही अट मी सेन्सरच्या आकाराइतकीच महत्त्वाची मानतो. जमिनीलगतच्या विषयासाठी व्ह्यूफाइंडरला डोळा लावणे शक्य नसते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणावर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण जास्त विशालनाला कॅमेऱ्याच्या तिरकेपणाइतकीच त्याची आडवी-उभी सरकही चित्र हलवते आणि अंतर कमी-जास्त होऊन बिघडणारा फोकस तर कोणतेही स्थिरीकरण सुधारू शकत नाही.

लेन्स आधी, कॅमेरा नंतर

आपल्याला हवी ती मॅक्रो लेन्स ज्या माउंटमध्ये (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याच्या रचनेत) मिळते, तो माउंट आधी ठरवावा. फुल फ्रेमसाठी बनवलेली मॅक्रो लेन्स त्याच माउंटच्या क्रॉप कॅमेऱ्यावर पूर्ण क्षमतेने चालते आणि पुढे फुल फ्रेम घेतला तरी उपयोगी पडते. उलट बाजू तशी नाही: क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर लावल्यास कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो, आणि कॅननच्या जुन्या ईएफ-एस लेन्स तर त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. नियमितपणे १:१ च्या पलीकडे जायचे असणाऱ्यांसाठी पर्याय मोजकेच आहेत. कॅननची आरएफ १०० मिमी लेन्स १.४ पटीपर्यंत जाते, लाओवा या कंपनीच्या अनेक लेन्स २ पटीपर्यंत जातात आणि कॅननची एमपी-ई ६५ मिमी ही केवळ हाताने फोकस होणारी लेन्स १ ते ५ पट विशालन देते. एक्स्टेन्शन ट्यूबने किती भर पडेल हे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ या सूत्राने काढता येते. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली तर विशालनात अर्ध्या पटीची भर पडते.

ज्यांच्याकडे आधीच एखादा कॅमेरा आहे, त्यांनी दोन चाचण्या कराव्यात. पहिली पट्टीची: लेन्स सर्वांत जवळच्या फोकसवर नेऊन मिलिमीटरच्या पट्टीचे सरळ समोरून छायाचित्र घ्यावे, चौकटीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागावे. एपीएस-सीवर ४७ मिमी दिसत असतील तर लेन्स अर्धपट विशालन देत आहे. दुसरी चाचणी जुन्या चित्रांची: आपल्याला आवडलेली मॅक्रो छायाचित्रे उघडून ती किती कापली आहेत, कोणत्या ॲपर्चरवर घेतली आहेत आणि फ्लॅश वापरला होता का, एवढेच पाहावे. बहुतेक चित्रे निम्म्याहून अधिक कापलेली आढळली, तर फुल फ्रेमकडे जाण्याने ही ओढाताण वाढेल. आधी अधिक विशालन देणारी लेन्स घ्यावी. बहुतेक एफ/११ ते एफ/१६ वर फ्लॅशने घेतलेली असतील, तर पैसे डिफ्यूझर आणि फ्लॅशच्या बैठकीवर खर्च करावेत. आणि बरीचशी उघड्या ॲपर्चरवर, नैसर्गिक प्रकाशात, न कापता ठेवलेली असतील, तर फुल फ्रेम कॅमेरा काही दिवसांसाठी भाड्याने घेऊन, आपली नेहमीची लेन्स लावून, त्याच विषयांवर तो वापरून पाहावा आणि दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे सारख्याच आकारात छापून किंवा पडद्यावर सारख्याच आकारात ठेवून तपासावीत. शंभर टक्के मोठी करून केलेली तुलना वेगवेगळ्या पिक्सेलसंख्येच्या कॅमेऱ्यांत दिशाभूल करते.